बाई सावळी आहे, सावळीच ठेवा

पहिली चूक माझीच. मामा गेल्याची तार नगरला आली, घरात रडारड सुरू झाली, आणि अशा वेळी जावयाने निदान काहीतरी कामाचं करावं म्हणून मी मामांचा फोटो मोठा करून आणायचं अंगावर घेतलं. सुमनचे, म्हणजे माझ्या बायकोचे, हे धाकटे मामा मिरजगावला जन्मभर फोटो स्टुडिओ चालवत होते. पण अख्ख्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा असा एकच फोटो सापडला, तोही कृष्णधवल, काडेपेटीएवढा. तो मी नगरातल्या एका स्टुडिओत दिला आणि निघता निघता, जावईपणाच्या भरात, सांगून बसलो, "मोठा करा आणि रंगही चांगले भरा. हात आखडू नका."

त्याने आखडला नाही. तेराव्याला हार घालून फोटो मांडला. मामांचे शेजारी सोपानराव मिरजगावहून आले होते. ते हात जोडून फोटोपुढे उभे राहिले, बराच वेळ निरखत राहिले आणि शेवटी माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पाव्हनं, आमच्या फोटोवाल्यांचा फोटू कुठाय? ह्यो कोन सायेब मांडलाय?"

बाभळीच्या खोडाच्या रंगाचे आमचे मामा गुलाबी गालांचे झाले होते. कपाळ दुधासारखं, ओठ लालभडक. या प्रकाराला पोट धरून हसला असता असा एकच माणूस मला माहीत होता, आणि तो हाराच्या आत होता.

कारण मामांचं अर्धं आयुष्य याच कामात गेलं. रंगीत फिल्म आपल्याकडे आत्ता आत्ता आली. त्याआधी कृष्णधवल फोटोवरच तैलरंग चढवायचे, कापसाच्या बोळ्याने, अगदी अलगद. त्यातही उपवर मुलीचा फोटो असला की आईबाप काही सांगत नसत, नुसते उभे राहत. मामा समजून घेत आणि मुलगी दोन छटा उजळ होऊन पाकिटात जाई. तालुक्यातली किती लग्नं त्या बोळ्याने जमवली याची मोजदाद नाही. त्यातलंच एक माझं.

मी आईला घेऊन मिरजगावला मुलगी बघायला गेलो तेव्हा आईच्या पिशवीत फोटो होता. सुमन पोहे घेऊन आली. आईने तिच्याकडे पाहिलं, पिशवीतून फोटो काढला, पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "फोटोतली मुलगी कधी येणार आहे?"

सुमनच्या हातातली ताटली जराशी हलली, पण ती म्हणाली, "ती मामाच्या रंगपेटीत असते. पोहे मीच करते."

मला हसू आलं. तेव्हाचं ते हसणं मला अजून महागात पडतंय, असं मी चारचौघांत म्हणतो. पण दाराशी बसलेल्या मामांना हसू आलं नाही. लग्न झालं, आई निवळली, मुलं झाली, तरी ती ताटली हललेली मामा विसरले नाहीत. त्या दिवसानंतर त्यांनी स्थळाच्या फोटोतल्या चेहऱ्याला रंग लावला नाही. म्हणायचे, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. लुगड्याचे काठ रंगवीन, कुंडीतली फुलं रंगवीन, पण पोरीच्या तोंडाला हात लावणार नाही.

आकाशाचा नाद त्यांना उतारवयात लागला. कुठल्याशा रद्दीत परदेशी मासिकं मिळाली. त्यांत मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची रंगीत चित्रं होती. मृगाच्या पोटातल्या त्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक पुसटसा ठिपका दिसतो ना, तोच. एका चित्रात तो लाल, दुसऱ्यात हिरवा, तिसऱ्यात निळा. मामा ती तीन पानं घेऊन एस.टी.ने थेट आमच्या घरी.

"जावईबापू, बाई एक आणि फोटो तीन, तिन्हींत रंग वेगळा. म्हणजे हितंबी कुनीतरी स्थळ जमवतंय!"

खरा रंग कोणता हे स्वतः बघायचं असं त्यांनी ठरवलं. दोन फळ्या बिजागरीने जोडल्या, मध्ये एक लांब स्क्रू बसवला, वरच्या फळीवर कॅमेरा. स्क्रू हळूहळू फिरवला की फळी उघडत जाते आणि कॅमेरा ताऱ्यांच्या चालीने सरकतो. कॅमेऱ्याचं भिंग दहा मिनिटं उघडं. गेल्या माघात, दिवेलागणीनंतर, स्टुडिओच्या गच्चीवर हा प्रयोग झाला. सुमन सेकंद मोजायची, मी स्क्रू फिरवायचा, मामा पान चघळत देखरेख करायचे. पान त्यांच्या तोंडात नाही असं मी कधी पाहिलं नाही. पहिल्या वेळी मी पूर्ण दहा मिनिटं स्क्रू उलटा फिरवला. मामा एवढंच म्हणाले, "शिकलेल्या मानसाचं असंच असतं."

पावसाने दडी मारलेलं साल. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. सोपानराव जिन्यावरून डोकं वर काढून विचारायचे, "फोटोवालं, वरती पावसाचं काय दिसतंय का?"

"न्हाई वो. लई लांबचं बगतोय."

"मग जवळचं बगा की जरा!"

आता खरी युक्ती. मामांनी रोलच्या पहिल्या फोटोत भर उन्हात सुमनला उभं केलं होतं, हातात पांढरंशुभ्र धोतर देऊन. मला म्हणाले, "छापनारा लबाडी करतो ती सुमीच्या तोंडावरनं कळंल. फिल्म लबाडी करती ती ताऱ्यांवरनं. ह्याच मृगातला काक्षी तारा तांबूस पायजे, राजन्य निळसर पायजे. सुमी सुमीसारखी आली आन् दोन्ही तारे जागच्या रंगाला आले, की मधला ठिपका खोटं बोलू शकनार न्हाई."

रोल मुंबईच्या एका रंगीत लॅबला गेला. पाकिटं आमच्या पत्त्यावर मागवली, कारण फोटो सुमनच्या शेजारी धरून बघायचा होता. पहिलं पाकीट आलं. सुमन दुधासारखी गोरी, धोतराहून उजळ, आणि आकाश शेवाळलेल्या हौदासारखं. सोबत चिठ्ठी: चेहऱ्याचा दोष दूर केला आहे. मामांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. त्यांचीच जन्मभराची विद्या त्यांना टपालाने परत आली होती...

दुसऱ्या खेपेला सुमन पिवळी, थेट हळद लागलेली. मामांनी अंगणात नेऊन फोटो तिच्या गालाशी धरला. आमच्या शेजारणी गोळा झाल्या. पंचेचाळिशीची बायको, केसांत रुपेरी बटा, आणि तिचा रंग फोटोशी ताडून बघणारा मामा! मी लाजून आत गेलो. तिथूनच ऐकलं, मामा हळू आवाजात म्हणत होते, "सुमे, एकदा तरी तुजा खरा फोटो माज्या हातनं जायला पायजे गं."

ती म्हणाली, "मामा, मी कुठं काय म्हटलंय तुला?"

"न्हाई म्हनालीस, तेच तर."

मग आमच्याच पाटावर बसून त्यांनी तिसरं पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं: "बाई सावळी आहे, सावळीच ठेवा. तिचे लग्न झालेले आहे." टोपी घातली, पान लावलं, आणि "तिसरं आलं की येतो" म्हणून एस.टी. गाठली. ती आमची शेवटची भेट. एका दुपारी स्टुडिओतच, पडद्यासमोरच्या खुर्चीत, गिऱ्हाईकाची वाट बघत बसल्या बसल्या गेले.

तिसरं पाकीट तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. सुमनने ते चुलीपाशीच फोडलं. पहिल्या फोटोत ती होती... सावळी, कपाळावर उन्हाची तिरीप, धोतर पांढरंशुभ्र. दुसऱ्यात काळंभोर आकाश, काक्षी तांबूस, राजन्य निळसर, आणि बाणाखाली मसुरीच्या डाळीएवढा गुलाबी ठिपका. आम्ही दोघंही बराच वेळ त्या डाळीकडे बघत राहिलो. बघायला पाहिजे होतं त्याने मात्र पाहिलं नाही.

सुमन म्हणाली, "हा फोटो तेव्हा तुमच्या आईंकडे पाठवला असता, तर आला असतात बघायला?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. पण समोर ते दोन तारे होते. म्हटलं, "आईने येऊ दिलं नसतं. आणि मी ऐकलं असतं."

ती उठली, टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस घेऊन आली, मामांच्या फोटोवरचा हार काढला आणि काच उघडली. आधी गाल पुसले, मग कपाळ, मग कान. साहेब निघून गेला आणि खालून मामा वर आले. बोळा ओठांपाशी आला तेव्हा मी म्हटलं, "ते लालही राहिलंय बघ."

"राहू दे," ती म्हणाली. "पान खायचा. एवढं बरोबर आलंय."