न मागितलेलं पोलाद

कारंजा गावच्या त्या लेथवाल्याने मला फसवलं, हे आधीच सांगतो. माझ्या दुकानात दुरुस्त केलेल्या पंपाच्या मोटारी पूर्ण वेगात फिरवून तपासायला मी स्वतःच्या डोक्याने एक यंत्र बांधलं. त्याच्या शाफ्टसाठी, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्यासाठी, मी लेथवाल्याला भंगारातलं साधं लोखंड दिलं आणि मजुरी घासून ठरवली. तो कधी भाव करत नाही, मान खाली घालून ‘हो शेठ’ म्हणतो. त्याचाच मला राग येतो.

शाफ्ट बसवल्यावर तो यंत्र हळू फिरवत बेअरिंगला पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावून बसला.

मी ओरडलो, “अर्धा दिवस झाला! काय ऐकून राह्यला?”

“थांबा न शेठ. अजून रडून राह्यला थो.”

शेवटी यंत्र पूर्ण वेगात फिरलं, तेव्हा त्यावर ठेवलेल्या भरल्या पेल्यातला चहा सांडला नाही. पुढे त्याच्या दुकानात माझं लोखंड तसंच पडलेलं दिसलं. त्याने पदरचं पोलाद घातलं होतं, त्याच मजुरीत.

“तुमचं वाकलं असतं,” एवढंच बोलला.

आता गिऱ्हाईक माझ्याच दारात विचारतं, “शाफ्ट त्याच्या हातचा हाय न?” यंत्र माझं, नाव त्याचं. न मागता चांगला माल घालायला त्याला सांगितलं कोणी? याचा जवाब त्याने मला चारचौघांत द्यावा.