काकाचा आवाज, दुसऱ्याची पाठ

सरांनी मला थप्पड मारली ती डहाणूच्या भाड्याच्या खोलीत, टीममधल्या सगळ्यांसमोर. कानातली रिंग तुटली आणि लॅपटॉपवर पडली. कुणी उठलं नाही. कॅमेरामनने रिंग बाजूला केली आणि स्क्रीन बाहीने पुसली.

स्क्रीनवर त्या सकाळचं शूटिंग होतं. आधी माती, झुडपं, सरांच्या पळणाऱ्या चपला. मग एकदम निघून जाणाऱ्या जीपची धूळ. मधलं काहीच नव्हतं. कॅमेऱ्याचं बटण एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, पुन्हा दाबलं की बंद. त्या सकाळी कॅमेरा सरांच्याच हातात होता. धावतानाच त्यांनी एकदा दाबलं होतं. प्रत्यक्ष मारहाण सुरू झाली तेव्हा घाईत पुन्हा दाबलं. जे सुरू करायचं होतं ते त्यांनी बंद केलं, आणि शेवटी बंद करायला दाबलं तेव्हा ते सुरू झालं. आमच्या धंद्यात ही चूक होते. मी तेवढंच बोलले. थप्पड त्यासाठी होती.

मधलं काय होतं ते मी पाहिलं होतं. सायवनच्या आत आमचा पाडा आहे. रस्त्याचा ठेकेदार त्या सकाळी पोकलेन घेऊन शेतात उतरला. माझा काका यंत्रासमोर उभा राहिला. बाप गेल्यावर याच काकाने मला वाढवलं, शिकवलं. ठेकेदाराच्या गार्डांनी त्याला खाली पाडलं. एकजण मानेवर गुडघा रोवून बसला. दुसरा पाठीवर दंडुका चालवत होता, कपडे आपटावे तसा, दम घेऊन घेऊन. काकाचा ओठ फाटला. तोंडात माती आणि रक्त. मी पुढे धावले तर माझ्या कोपरावर फटका बसला. रेकॉर्डर माझ्या गळ्यात होता. टीममध्ये आवाजाचं काम माझं. तो चालूच राहिला.

म्हणजे आवाज होता. चित्र नव्हतं.

मी आधी डहाणूच्या एका दैनिकात बातम्या लिहायचे. सर तिथे भेटले. स्वतंत्र माहितीपट करणारे, परदेशात बक्षिसं मिळवलेले. त्यांच्या टीममध्ये मुंबईची मुलं कॅमेरा शिकायची, एडिटिंग शिकायची, पुढे स्वतःच्या फिल्म करायची. माझ्याकडे माइकची काठी आणि पाड्यावरच्या भाषेचं भाषांतर. फिल्मच्या शेवटी माझं नाव यायचं ‘स्थानिक साहाय्य’ खाली. आमच्या पाड्यावरच्या या फिल्मनंतर कॅमेरा तुझ्या हातात, असं सर म्हणाले होते. त्या शब्दावर मी थांबले होते.

थप्पड मारल्यावर सर शांत झाले. म्हणाले, “परत घेऊ. पाठ दाखवायची, चेहरा नको. आवाज आहेच. काकाला तयार कर.”

मी म्हटलं, “काका दवाखान्यात आहे. पोलिसात तक्रार झालीये. बनवलेला शॉट बाहेर आला तर ठेकेदाराचा वकील म्हणेल, मारहाणच बनाव होती. केस मरेल.”

“अगं, तुमच्या लोकांना सवय असते. आणखी चार फटके. हळू मारू.”

कॅमेरामन हसला. “हिलाच देऊ ना दंडुका. घरचा माणूस म्हणून हळू मारेल.”

मार काकाने खाल्ला होता. उत्तरही त्यालाच द्यायचं होतं. मी सरकारी दवाखान्यात गेले. काका पालथा पडला होता. ओठाला टाके. मी सरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

काकी म्हणाली, “बाय, हे विचारायला आलीस तू?”

काका म्हणाला, “बोलू दे तिला. म्हणजे परत मारायचं? का? पहिल्यांदा नीट नाय बसला?” मग टाके सांभाळत म्हणाला, “सायबाला सांग, तुझी पाठ गोरी हाय. फोटोत वळ बरे उठतील.”

काकी तोंडावर पदर घेऊन हसली. मग रडली.

मी खोलीवर परत आले आणि काकाचं उत्तर शब्दशः दिलं. सरांनी माझी बॅग जिन्यावरून खाली फेकली. रेकॉर्डरसाठी माझा हात पिरगळला, सुजलेला तोच हात. मी ओरडले. कुणी उठलं नाही. त्यांनी रेकॉर्डर घेतला आणि दार लावलं.

गार्डने मारलं तेव्हा तो ठेकेदाराचा माणूस होता. सर आमच्या बाजूचे होते. हात दोघांचा सारखाच लागला. जिन्यात बसून मला हे कळलं. पाड्याची बाजू घेणं हे सरांचं करिअर होतं. त्यात पाडा लागत होता, मारलेला. आम्ही लागत नव्हतो.

पुढचं मला कॅमेरामनने फोनवर सांगितलं. तलासरीच्या नाक्यावर सकाळी कामासाठी माणसं उभी असतात. त्यातला एक त्यांनी उचलला. आधी हळू मारलं. पडद्यावर खोटं दिसलं. मग खरंच मारलं. “पाठ फुटली यार,” तो म्हणाला. “पण शॉट कडक आलाय.”

फिल्म मुंबईत दाखवली. मी गेले. अंधारात एका अनोळखी माणसाची पाठ फुटत होती आणि आवाज माझ्या काकाचा येत होता. काका माझ्या आजीला हाक मारत होता. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मी उठले. “ही पाठ माझ्या काकाची नाही. या माणसाला या फिल्मसाठी मारलंय.” माझ्या हातातला माइक काढून घेतला. दोघांनी दंडाला धरून बाहेर काढलं. सर स्टेजवरून म्हणाले, “ती आमचीच मुलगी आहे. फार सोसलंय तिने.” त्यावरही टाळ्या पडल्या.

त्यानंतर मला कुठल्याच टीमने बोलावलं नाही.

आता डहाणूच्या कोर्टात काकाची केस उभी आहे. ठेकेदाराच्या वकिलाने तीच फिल्म पुढे केली आहे. पाठ फिर्यादीची नाही, म्हणून सगळंच खोटं, असं त्याचं म्हणणं. सरांचा फोन आला. “तू गप्प राहा. शॉट काकाचाच आहे असं आम्ही सगळे सांगू. तुझा काका जिंकेल, माझी फिल्मही वाचेल.”

मी काकाला विचारलं. तो म्हणाला, “त्या नाक्यावरच्याला कोण विचारणार मग?”

त्या माणसाला मी शोधून काढलं. पाठीवर वळ अजून आहेत. तो माझ्याबरोबर येणार आहे.

मी साक्ष देणार. चित्र खोटं आहे, आवाज खरा आहे, आणि मार दोघांनी खाल्लाय. एकाला ठेकेदाराने मारलं, दुसऱ्याला सरांनी. मारणाऱ्या दोघांची नावं मी कोर्टात घेणार. केस हरली तर वरच्या कोर्टात जाऊ. पण आमचा मार खरा ठरवायला आमच्यातलं कुणी परत मार खाणार नाही.