आधी आडनाव

सप्टेंबरमधल्या एका बुधवारी दुपारी एक चाळीसला मुंबईहून सुटणाऱ्या विमानाचं माझं तिकीट चुकीच्या नावाने निघालं आहे, हे त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता आईच्या लक्षात आलं. शहरनियोजनाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी मी ग्लासगोला निघाले होते. आमच्या घरातलं कोणी त्याआधी विमानात बसलेलं नव्हतं. मीही नाही.

करी रोडच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. माझा फोन आतल्या खोलीत, ओट्याशेजारी चार्जिंगला लावलेला होता. विमान कंपनीचा मेसेज आला आणि आईने तो उघडला. आई इंग्रजी एकेक अक्षर जोडून वाचते, त्यामुळे तिच्या वाचण्यातून काही सुटत नाही. मेसेजच्या सुरुवातीला 'डिअर मिस' असं होतं आणि त्यापुढे वडिलांचं नाव होतं.

"अहो," तिने बाहेर हाक मारली, "तुम्ही मिस कधीपासून झालात?"

वडील पेपर वाचत होते. "काय?"

"विमानवाले तुम्हाला मिस म्हणतायत. पाच दिवसांनी निघायचंय म्हणतायत. शुभेच्छा दिल्यात तुम्हाला."

वडिलांनी पेपरची घडी घातली आणि आत येऊन मेसेज वाचला. मग देवासमोर ठेवलेली तिकिटाची प्रिंट उचलली, माझा पासपोर्ट काढला आणि दोन्ही खिडकीपाशी नेऊन ताडून पाहिली.

तिकीट त्यांनी स्वतः काढलं होतं. लालबागच्या एका एजंटाकडे जाऊ या, असं मी सुचवलं होतं. एजंट लोक नावात चुका करतात, असं सांगून त्यांनी ते फेटाळलं. वडील एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. तिथे एकतीस वर्षं त्यांनी अर्ज तपासले. अर्जातल्या आणि पुराव्यातल्या नावात एका वेलांटीचा फरक असला, तरी ते लाल शाईने 'नावात तफावत' असा शेरा मारत आणि अर्ज परत पाठवत. जूनमधल्या एका रविवारी, जेवण झाल्यावर, पासपोर्ट शेजारी उघडून ठेवून त्यांनी तिकिटाचा फॉर्म भरला. फॉर्ममध्ये तीन चौकोन होते: फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम. पहिल्या चौकोनात त्यांनी पहिलं येतं ते लिहिलं, म्हणजे आडनाव. मधल्यात माझं नाव लिहिलं. शेवटच्या चौकोनात स्वतःचं. शाळेच्या हजेरीपटापासून मतदार यादीपर्यंत त्यांनी जन्मभर हाच क्रम पाहिला होता.

तिकिटाची प्रिंट तीन महिने घरात होती. चाळीतल्या निदान अकरा जणांनी ती हातात घेऊन वाचली. वाचणाऱ्यांत मीही होते. मी त्याआधी दोन वर्षं एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं होतं आणि बातमीतली नावं तपासणं हा त्या कामाचा भाग होता. कोणालाच काही खटकलं नाही. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आमच्यापैकी प्रत्येकाच्या गुणपत्रिकेवर असंच छापलेलं होतं.

विमान कंपनीच्या लेखी मात्र माझं आडनाव हे वडिलांचं नाव होतं. पासपोर्टवरचं आडनाव वेगळं. दोन्ही जुळली नाहीत तर विमानात घेत नाहीत, हे मी तिकिटाच्या अटींमध्ये वाचलं. नवं तिकीट काढायचं तर त्या आठवड्यात भाडं दुपटीच्या वर गेलेलं होतं. विद्यापीठात हजर राहून नोंदणी करण्याचा शेवटचा दिवस पुढचा शुक्रवार होता.

"लोकांचे अर्ज परत पाठवायचात," आई म्हणाली. "आता तुमचा आला."

वडिलांनी हेल्पलाइनला फोन लावला. आमच्या खोल्यांत बोलण्यापुरती रेंज येत नाही, म्हणून बोलणं गॅलरीत झालं, आणि ऐकू नीट यावं म्हणून स्पीकरवर झालं. तेवीस मिनिटं फोनमधून बासरी वाजत होती. तोपर्यंत दोन्ही बाजूंच्या खोल्यांतली माणसं कठड्याशी येऊन उभी राहिली. मग एक मुलगी बोलू लागली. तिने हिंदीत सरनेम विचारलं. वडिलांनी आडनाव सांगितलं. तिने फर्स्ट नेम विचारलं. वडिलांनी पुन्हा आडनाव सांगितलं.

"सर, वो तो आपने सरनेम बताया."

"वही पहला आता है."

"सर, तुम्ही मराठी आहात का?"

"हो."

"काका, मी साताऱ्याची. ऐका. फर्स्ट नेम म्हणजे पहिलं लिहितात ते नव्हे."

"फर्स्ट म्हणजे पहिलंच ना?"

"हो, पण ते ज्या नावाने हाक मारतात ते."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "हाक आम्ही हिला वेगळ्याच नावाने मारतो."

आतून आईने माझं घरचं नाव मोठ्याने सांगितलं. फोनमधली मुलगी हसली. "ते नको काकू. ते कुठेच लिहू नका."

तिने सगळं लिहून घेतलं, पासपोर्टचा फोटो मागवला आणि परिस्थिती समजावून सांगितली. पहिलं विमान त्यांचं होतं, तिथलं नाव ती दुरुस्त करू शकत होती. आखातात विमान बदलायचं होतं आणि तिथून पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं होतं. त्या कंपनीची मंजुरी लागणार होती. तिला कामाचे तीन दिवस लागतात. शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत.

"म्हणजे बुधवार," वडील म्हणाले.

"बुधवारपर्यंत यायला पाहिजे काका. नाही आली तर काउंटरवर बोला."

फोन बंद झाल्यावर गॅलरीत नावांचा विषय निघाला तो दुपारपर्यंत चालला. समोरच्या खोलीतल्या काकूंनी आपली कागदपत्रं आणून दाखवली. रेशनकार्डावर त्यांचं सासरचं नाव होतं, बँकेत माहेरचं आणि आधारकार्डावर एक तिसरंच, जे कोणाचं हे त्यांना आजवर कळलेलं नव्हतं.

"मी विमानात बसलंय तर तीन तिकिटां काढूची लागतली," काकू म्हणाल्या.

"तिन्ही खिडकीची घ्या," आई म्हणाली.

काकूंना दुसरीही एक शंका होती. गणपती जाऊन दोन दिवस झाले होते, पितृपक्ष सुरू झाला होता. "पितरपंधरवड्यात कोण गो प्रवासाक निघता?" असं त्यांनी मला विचारलं. वडिलांनी उत्तर दिलं, की विद्यापीठ पितृपक्ष पाळत नाही. काकूंनी विद्यापीठाबद्दल मत दिलं नाही.

शनिवारी सकाळी वडील मला घेऊन भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका नोटरीकडे गेले. त्यांना प्रतिज्ञापत्र करायचं होतं: पासपोर्टवरील नाव आणि तिकिटावरील नाव एकाच व्यक्तीचं आहे. मजकूर त्यांनी घरून लिहून आणला होता. नोटरीने तो वाचला.

"साहेब, हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"कुठल्या खात्यात होतात?"

वडिलांनी सांगितलं. नोटरी म्हणाला, "तरीच. सोळा वर्षांपूर्वी माझ्या भावाचा अर्ज तुमच्याकडूनच परत आला असेल."

"नाव काय होतं त्यांचं?" वडिलांनी विचारलं. त्यांना खरंच आठवायचं होतं. नोटरीने हसून शिक्का मारला. वडिलांनी दुसऱ्या पानावरही शिक्का मारून घेतला.

सोमवारी हेल्पलाइनकडून कळलं की पहिल्या विमानातलं नाव दुरुस्त झालं आहे. दुसऱ्या कंपनीकडून काही आलेलं नाही. मंगळवारीही आलं नाही. बॅगा भरून झाल्या होत्या. आईने एक बॅग उघडून मालवणी मसाल्याची पिशवी दुसऱ्या बॅगेत टाकली आणि थोड्या वेळाने परत पहिलीत ठेवली. वडील एक फाइल तयार करत होते. तिच्यात प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, रेशनकार्डाची प्रत आणि वर एक पत्र होतं. पत्राची सुरुवात 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी होती. कागदांना अनुक्रमांक घातलेले होते.

बुधवारी आम्ही साडेनऊला विमानतळावर पोचलो. प्रवाशाशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. दारावरच्या जवानाला दाखवायला वडिलांनी फाइल उघडून हातात धरली होती. जवानाने माझा पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, तिन्ही शब्द दोन्हीकडे सापडल्यावर मान हलवली. फाइलकडे त्याने पाहिलं नाही.

"अहो, हे बघा तरी," वडील त्याला मराठीत म्हणाले.

"हिच्याकडे द्या ती," आई म्हणाली. "आत लागेल."

मी दोघांच्या पाया पडले. वडिलांनी फाइल माझ्या हातात देताना प्रतिज्ञापत्र कितव्या क्रमांकावर आहे ते सांगितलं. ते पहिल्या क्रमांकावर होतं.

काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट घेतला, टायपिंग केलं, थांबल्या, पुन्हा टायपिंग केलं. ग्लासगोचं विमान वेगळ्या नावाने दिसतंय, असं त्या म्हणाल्या. मी कारण सांगितलं. त्यांनी मला बाजूला उभं राहायला सांगितलं आणि सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझर पन्नाशीचे होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे न पाहता मराठीत विचारलं, "फॉर्म कोणी भरला? वडिलांनी?"

"हो."

"आडनाव आधी टाकलं."

"हो."

"आठवड्यातून एखादा येतोच. सगळे आपल्याकडचे." मग त्यांनी फाइल मागितली. पहिलं पान वाचलं, उलटलं, दुसरं पान वाचलं. "प्रतिज्ञापत्र घेऊन मात्र आजवर कोणी आलं नव्हतं."

त्यांनी दोन्ही पानांचे फोटो काढून दुसऱ्या कंपनीच्या कार्यालयाला पाठवले आणि फोन लावला. मी पंचवीस मिनिटं उभी होते. या वेळात वडिलांचे चार फोन आले. तीन मी उचलले नाहीत, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. चौथा उचलला तेव्हा काउंटरच्या मशीनमधून दोन बोर्डिंग पास एकापाठोपाठ बाहेर येत होते.

"झालं," मी म्हणाले.

"काय झालं? नीट सांग."

"नाव दुरुस्त झालं. दोन्ही विमानांचं. बॅगा गेल्या."

"कशावर झालं?"

"प्रतिज्ञापत्रावर."

मग ते म्हणाले, "शिक्का बघितला त्यांनी?"

"बघितला."

"दोन्ही पानांवरचा?"

"दोन्ही."

त्यांनी हे आईला सांगितलेलं मला ऐकू आलं. आई म्हणाली, "आता बसा जरा कुठेतरी. मघापासून त्या दाराशी उभे आहात, तो पोलीस तुमच्याकडेच बघतोय."

मी बोर्डिंग पासचा फोटो पाठवला. दोन मिनिटांनी वडिलांचा पुन्हा फोन आला. पासवर माझं नाव आणि त्यांचं नाव मध्ये जागा न सोडता एकच शब्द असल्यासारखं छापलं होतं आणि त्याला शेवटी 'मिस'च्या जागी 'एमएस' जोडलेलं होतं.

"दोन नावं चिकटलीत," ते म्हणाले. "मध्ये जागा हवी."

"ते सगळ्यांचं तसंच छापतात, बाबा."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. पुढच्या माणसाचं पण पाहिलं मी."

त्यांनी विचार केला. "मग याला तफावत म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "चालेल."

आईने फोन घेतला आणि मी काही खाल्लं का ते विचारलं. मी इडली खाल्ली होती. किमतीला आई नावं ठेवेल म्हणून ती सांगितली नाही. तिने ती विचारून काढली आणि नावं ठेवली.

विमानात जाऊन बसल्याचा फोन मी एक वाजता केला. त्यानंतरच दोघं टॅक्सीत बसले. विमान एक बावन्नला धावपट्टीवरून उठलं. तेव्हा टॅक्सी सायनच्या सिग्नलला उभी होती आणि वडिलांना झोप लागली होती, असं आईने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.