सासूबाईंनी भिजवलेली पाठ

कुडव्यात गिटार बनवणारा मी एकटाच. इथून थेट समुद्रापर्यंत दुसरा कुणी नाही असंही मी सांगतो, आणि अजून कुणी तपासायला गेलेलं नाही. गिटारीचं तोंड, म्हणजे तारांखालची पुढची फळी, शिवणीच्या लाकडाची, मान सागाची, पाठ बिज्याची. सगळं लाकूड आपल्याच जंगलातलं. बिजा तर इतका कडक, की त्याला लांबून बघूनच माझा रंधा बोथट होतो.

ही पाठ निघाली एका पाडलेल्या राईस मिलच्या तुळईतून. तुळईत लाकूड कमी आणि खिळेच जास्त. ते चुकवत चुकवत जेमतेम एक जोडी मिळाली: एकाच तुकड्याच्या मधोमध चिरलेल्या दोन पातळ फळ्या, उघड्या पुस्तकाच्या पानांसारख्या शेजारी-शेजारी जोडायच्या. दोन वर्षं माळ्यावर वाळवल्या. गिऱ्हाईक अर्जुनीकडच्या एक शिक्षिका. बुद्धपौर्णिमेला विहारात पोरींना घेऊन त्या गाणार होत्या, माझ्या गिटारीवर. तोवर माझी गिटार जायची नागपूर-पुण्याला. आपल्या माणसांसमोर वाजणार होती ती ही पहिलीच. ती भर कार्यक्रमात तडकली असती, तर जिल्ह्यात मला कुणी स्टूल करायलाही बोलावलं नसतं.

पौर्णिमेला महिना उरला होता. बाकी गिटार तयार, फक्त पाठ चिकटवायची राहिली होती. तेवढ्यात नवेगाव बांधहून सासूबाई आल्या. त्यांना शुगर. आमच्याकडे शुगर झाली की बिज्याचं लाकूड रात्रभर पाण्यात ठेवायचं आणि सकाळी ते पाणी प्यायचं, हे डॉक्टरच्या गोळीइतकंच पक्कं. सकाळी मी तोंड धुऊन आलो, तर पाणी भरायच्या स्टीलच्या गुंडात माझी एक फळी उभी होती. टोक तेवढं बाहेर, बाकी पाण्यात. पाणी चहासारखं, कडेला निळसर झाक. सासूबाई दुसरा गिलास भरून राहिल्या होत्या.

"जवाईबापू, बिजा मोठा अस्सल आहे जी. आमच्या बाजारात तर नुसता भुसा देते."

जावयानं सासूवर ओरडायचं नसतं. मी म्हटलं, हो ना. बायकोनं माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून वांगी चिरायला लागली.

दुपारपर्यंत ती फळी भाजलेल्या पापडासारखी वळली. बाहेर मे महिना. पत्र्यावर बसलेला कावळा उठताना भाजून उठत होता. त्या उन्हात ओली फळी झपाट्यानं वाळली असती आणि उभी चिरली असती. तिला हळूहळू वाळवायचं होतं. घरात थंड खोली एकच, कूलरची. तर कूलर मिळाला फळीला आणि आम्ही आलो ओसरीवर. दोन सपाट पाटांमध्ये तिला घातलं, हवा खेळायला मध्ये बारीक काड्या ठेवल्या आणि वर दळणाचा डबा.

"मले कायले बाहेर काढून राहिले?" सासूबाईंनी लेकीला विचारलं. लेकीनं फळीचं खरं काय ते सांगून टाकलं.

त्या दिवशी सासूबाई अर्ध्याच भाकरीवर उठल्या. संध्याकाळी बघतो तर डब्याशेजारी पाटा-वरवंटाही येऊन बसलेला. तो चार माणसांनाही हलला नसता. त्यांनी एकटीनं उचलला होता. मग रोज सकाळी मी फळी उलटायला गेलो की त्या दारात उभ्या. वजन उतरवलं की विचारायच्या:

"ते चिरन काय जी?"

"नाही चिरत," मी म्हणायचो. एवढ्याशा थापेतही माझा आवाज फाटायचा.

सोळाव्या दिवशी फळी सपाट झाली, पण जोडीदारिणीपेक्षा फिकी पडली होती. पाठ जोडली, चिकटवली, शिकंज्यात आवळली. मग तारा चढवल्या. एक तार पिळायची, पाठीला कान लावायचा, श्वास घ्यायचा, मग दुसरी. सहा तारांना अख्खी दुपार गेली. सासूबाईंनी तेवढा वेळ मिक्सर लावू दिला नाही.

शिक्षिका न्यायला आल्या आणि पहिल्यांदा पाठच बघितली. अर्धी गडद, अर्धी फिकी काऊन, त्यांनी विचारलं. मी एक सुंदर गोष्ट रचून ठेवली होती: मिलवर वीज पडली, तुळईची एकच बाजू भाजली. तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला.

"मॅडम, त्याचा रंग म्या पेला जी."

मग मलाही सगळं सांगावं लागलं. शिक्षिकांनी पाठीवर बोटानं टकटक केलं, एक सूर छेडला, तो विरेपर्यंत ऐकला.

"पुढं चिरेल काय, दादा?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी गिटार पिशवीत घातली. आणि घेऊन गेल्या.

पौर्णिमेला आम्ही विहारात मागच्या रांगेत बसलो. सासूबाई गावी गेल्याच नव्हत्या. लोक टाळ्यांचा ठेका देत होते, पोरी गात होत्या. मी गाणं ऐकलंच नाही. मी पाठ ऐकत होतो. शिक्षिकांचा हात तारांवर जोरात पडला की सासूबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतायची.

तीन गाणी झाली. सासूबाईंनी हळूच विचारलं, अजून किती आहेत.

मी म्हटलं, सहा.

त्यांनी डोळे मिटून घेतले.