सोळा किलो

मी माझे वजन सोळा किलोंनी कमी लिहून दिले होते. पन्नाशी ओलांडलेल्या, दोन पिढ्यांना महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने कबूल करण्यासारखे हे पाप फार क्षुल्लक आहे, याची मला जाणीव आहे. पण ते मी चार वर्षे लपवले, आणि लपवताना ते क्षुल्लक राहिले नाही.

आम्ही तिघे एका बाकावरचे. त्यातल्या एकाने सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात दक्षिणेत जाऊन इतके यश मिळवले की आता कऱ्हाडच्या धावपट्टीवर उभ्या असणाऱ्या सहा आसनी विमानात त्याची भागीदारी आहे. त्याला आम्ही शेठ म्हणतो. आधी चेष्टेने म्हणत होतो, विमान आल्यापासून चेष्टा आपोआप गळून पडली. दुसरा कवठे महांकाळच्या पलीकडचा, माळावरचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे. त्याने स्वतः द्राक्षे लावली आणि आता बेदाणा करतो. तिसरा मी. मला दोघेही मास्तर म्हणतात, आणि त्यात आदर किती आणि दया किती हे मी कधी तपासले नाही.

शेठने ठरवले की तिघांनी एकदा विमानाने श्रीलंकेला जायचे. शेठ आणि वहिनी, मी आणि माझी पत्नी, आणि माळावरचा, जो काही वर्षांपूर्वी विधुर झाला होता. सहावा वैमानिक, साताऱ्याकडचा, हवाई दलातून निवृत्त झालेला, मोजके बोलणारा. त्याला सगळे कॅप्टन म्हणत.

माळावरच्याने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. अर्ज मीच भरून दिला. त्याला लंकेतला समुद्र, देवळे, हत्ती यांत काही रस नव्हता. त्याला शिक्का हवा होता.

"आमचा बा, आज्जा, समदी मेंढरं घिऊन कर्नाटकात जायची," तो म्हणाला, "पर कुनी कवा इचारलं न्हाई, कुठनं आला आन् कुठं चाल्ला. आपली बी कुनीतरी नोंद घ्यावी की रं एकदा. पुस्तकात शिक्का मारून."

निघण्याच्या आठवडाभर आधी कॅप्टनचा निरोप आला: प्रत्येकाने स्वतःचे वजन, अंगावरच्या कपड्यांसह आणि बुटांसह, कळवावे. विमान लहान आहे, अंदाजे चालणार नाही. यादी करण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

माळावरच्याचा आकडा सर्वांत आधी आला. तो बेदाण्याच्या शेडमधल्या काट्यावर पूर्ण कपड्यांत, बूट घालून चढला होता. एकशे एक किलो चारशे ग्रॅम. काट्याचा फोटोही पाठवला होता, कारण त्यांच्या धंद्यात माणसाची पत म्हणजे त्याचा काटा. शेठने स्वतःचे आणि वहिनींचे आकडे फोनवर सांगितले. ते सांगताना तो जरा हळू बोलला. माझ्या पत्नीने आपला आकडा निर्विकारपणे सांगितला. राहिलो मी.

आमच्या सकाळच्या फिरणाऱ्या मंडळींत मिताहारावर बोलायची जबाबदारी कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. शेठने एकदा माझ्याकडे बोट दाखवून वहिनींना सांगितले होते, "बघ, ह्याला म्हनत्यात शिस्त." घरच्या काट्यावर मी अठ्ठ्याऐंशी भरलो. यादीत बहात्तर लिहिले. बहात्तर हे खोटे नव्हते, असे मी स्वतःला समजावले. ते फक्त जुने होते. चाळिशीत मी खरोखरच बहात्तर होतो. तर्कशास्त्राचा अभ्यास माणसाला खोटे बोलण्यापासून वाचवत नाही, खोट्याची मांडणी तेवढी नीट करायला शिकवतो.

कऱ्हाडहून सकाळी उडालो. सामान कॅप्टनने हातातल्या काट्याला अडकवून एकेक तोलले. माणसे मात्र यादीवर विश्वासून घेतली. धावपट्टी संपत आली तरी चाके जमीन सोडेनात, तेव्हा त्याने मान वळवून एकदा मागे पाहिले. मी खिडकीतून बाहेर पाहू लागलो. माळावरच्याला पुढची खिडकी दिली होती. नद्या ओळखून तो ओरडत होता, "ती कृष्णा! ती वारना! मास्तर, कर्नाटकाची शीव कुठं हाय?"

"गेली मागेच," मी म्हणालो.

"गेली? आन् कुनी हटकलं न्हाई?" तो पोटभर हसला. "आयला, मेंढरं बी हितनंच न्यायला पायजेल हुती!"

वाटेत एकदा उतरून दुपारी तमिळनाडूतल्या त्या विमानतळावर पोहोचलो, जिथे देश सोडण्याचा शिक्का बसणार होता. इथून पुढे समुद्र. टाक्या पूर्ण भरायच्या होत्या. कॅप्टन कागद घेऊन विमानाच्या सावलीत उभा राहिला, पुन्हा पुन्हा आकडे मांडत राहिला, आणि मग म्हणाला, "सर, फिगर रॉंग आहे. कऱ्हाडला विमान जिथं उचलायला पाहिजे होतं तिथं उचललं नाही. माझ्या अंदाजानं पस्तीस-चाळीस किलो जास्त आहे. सामान मी तोललंय. माणसांचे आकडे तुम्ही दिलेत. समुद्रावरून मी असा जाणार नाही."

पस्तीस-चाळीसमध्ये सोळा माझे होते. उरलेले कोणाचे, हे शोधण्याची उत्सुकता मला आजवर झालेली नाही; त्या बाबतीत माझी दृष्टी फार उदार आहे.

आधी सामान उतरवले. शेंगदाण्याच्या चटणीचे डबे, कडक भाकऱ्यांची चवड, शेठने लंकेतल्या व्यापाऱ्यांना द्यायला घेतलेल्या हळदीच्या पिशव्या. तरी पुरेना. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू, कोणी न सांगता, एकाच माणसावर जाऊन टेकल्या. शंभर किलोच्या माणसाकडे पाहणे नेहमीच सोपे असते.

"गड्या, खरं सांग," शेठ हसत म्हणाला. "एकशे एकच हाईस का? का बेदान्याच्या खोक्यागत हितं बी काटा मारलाईस?"

"आरं फोटू धाडलाय की!"

"फोटोतला काटा तुझाच न्हवं?"

माळावरचा हसला, पण कान लाल झाले. समोरच मालाच्या गोदामात मोठा काटा दिसत होता. त्याने हात केला. "त्यो बघा काटा हाय. चला, समदी चढूया. मी पयला चढतो. लय सोपं काम हाय."

कॅप्टनने मान डोलावली. त्यालाही तेच हवे होते. तेवढ्यात मी बोललो. मी फारसा बोलत नाही, म्हणून माझे बोलणे लोक ऐकतात, आणि ही माझ्या स्वभावाची सर्वांत धोकादायक बाजू आहे.

"कशाला?" मी म्हणालो. "हमालांच्या समोर बायकांना काट्यावर चढवायचं? बरं दिसतं का ते?"

एवढेच. वहिनींनी पदर सावरला. शेठ म्हणाला, "मास्तर बरोबर बोलतोय." माझी पत्नी माझ्याकडे पाहत राहिली. आणि काट्याकडे दोन पावले गेलेला माळावरचा थांबला, परत फिरला.

"आसं करा," तो कॅप्टनला म्हणाला. "मी ऱ्हातो. मी उतरलो की तुमचं समदं गणित फिटतंय."

कोणी फार आग्रह केला नाही. आम्ही सुसंस्कृत माणसे. जेवढा आग्रह करणे शोभले असते तेवढा केला आणि थांबलो. त्याने आपली पिशवी घेतली, चटणीचे डबे घेतले, कोरा पासपोर्ट सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. निरोप घेताना माझ्या कमरेला, पट्ट्याच्या वर, बाजारात मेंढराची बरगडी चाचपतात तसा हात घातला, मांस एकदा दाबून पाहिले आणि सोडले. मेंढरू बिनकाट्याने तोलणारा माणूस तो. माझ्या डोळ्यांत पाहून हलकेच म्हणाला, "बरं हाय, मास्तर. जपून जावा."

'जा' नाही. 'जावा.' इतक्या वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा अहो-जाहो करून बोलला होता.

आम्ही लंका पाहिली. फार सुंदर देश आहे. चौथ्या दिवशी समुद्रकाठी पत्नी मला म्हणाली, "मी चढले असते त्या काट्यावर. माझ्या वजनाची लाज तुम्हाला कधीपासून वाटायला लागली?" मी म्हणालो, तसे काही नाही. ते खरे होते. पण तिला पटण्यासाठी पुढचे जे सांगायला हवे होते ते मी सांगितले नाही, आणि तीही पुन्हा विचारायला आली नाही. माळावरचा एव्हाना रेल्वेने आणि मग एसटीने घरी पोहोचला होता. त्याचा निरोप आला होता: 'पोचलो. चटनी रेल्वेत वाटली. तुमी मजा करा.'

इथे संपले असते तर मी कदाचित हे लिहिले नसते. पण शेठला गोष्ट सांगता येते. लग्नात, बारशात, यात्रेच्या जेवणात तो ती सांगू लागला: बेदाणावाल्याने वजन चोरले आणि विमान उडेना. लोक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. दोन-तीन वेळा मीही हसलो. न हसणे विचित्र दिसले असते. गोष्ट माळावरच्याच्या शेडपर्यंत पोहोचली. एक व्यापारी त्याची पंधरा किलोची खोकी आपल्या काट्यावर पुन्हा ठेवू लागला. "गमतीनं," असे म्हणून. मग दुसराही गमतीने ठेवू लागला. ज्याची खोकी आजवर कोणी पुन्हा तोलली नव्हती, त्याच्यासमोर प्रत्येक खोके चढत होते, उतरत होते, आणि बरोबर भरत होते, तरी पुढच्या वेळी पुन्हा चढत होते. हे मला दुसऱ्याच कोणी सांगितले. तो बोलला नाही. तो हळूहळू आमच्या बैठकींना यायचा थांबला.

या वर्षी शेठने पुन्हा सहल काढली. या खेपेस नेपाळ. त्यासाठी कऱ्हाडजवळच्या मलकापुरातल्या नव्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावले, आणि माळावरच्याला स्वतः गाडी पाठवून आणवले. दारात पोहोचलो तर उंबऱ्याशी धान्याच्या दुकानातला काटा मांडलेला, त्याला झेंडूचा हार घातलेला. पंचवीस-तीस माणसे आधीच हसत उभी.

"नेपाळ डोंगराळ हाय, बाबांनो," शेठ ओरडला. "ह्या वक्ताला विश्वास न्हाई! पयला मान कुनाचा?"

सगळे माळावरच्याकडे वळले. तो हसला नाही, रागावलाही नाही. खाली वाकून चपला काढू लागला. एका चपलेचा पट्टा निघेना, तर कोणीतरी म्हणाले, "चपला ऱ्हाऊ द्या की, किलोभर तरी खरं भरंल!" पुन्हा हशा. साठीकडे झुकलेला, शेतात पन्नास माणसांना कामाला लावणारा तो माणूस, अनवाणी होऊन, वळलेल्या पाठीने, आपण खोटे नाही हे दाखवायला हार घातलेल्या काट्याकडे निघाला होता, आणि मी मागे उभा राहून मिताहारी चेहऱ्याने ते पाहत होतो.

मी काही ठरवले नव्हते. धैर्य वगैरे त्यात नव्हते, पाहवेना, एवढेच. मी पुढे झालो, त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला केले आणि बुटांसकट काट्यावर चढलो. एक्याण्णव. चार वर्षांत मी आणखी वाढलो होतो.

"आरं मास्तर, तुझी पाळी न्हाई," शेठ म्हणाला.

"माझीच आहे," मी म्हणालो. आवाज फार लहान निघाला, म्हणून पुन्हा, मोठ्याने बोलावे लागले. लोक हसायचे थांबले. मी काट्यावरच उभा होतो, आणि त्याच्याकडे, फक्त त्याच्याकडे पाहत होतो.

"यादीत मी बहात्तर लिहिलं होतं. होतो अठ्ठ्याऐंशी. तू काट्यावर चला म्हणालास तेव्हा बायकांचं नाव पुढं करून ते मीच मोडलं, माझं उघडं पडू नये म्हणून. तुझा शिक्का मी घालवला. नंतर चार वर्षं लोक तुला खोटा म्हणत होते, ते ऐकून मी हसलो. तुझा काटा खरा होता. मी तुझी माफी मागतो, सगळ्यांसमोर." मग मागे उभ्या असलेल्या पत्नीकडे वळलो. "आणि तुझीही. तुझ्या वजनाची मला कधीच लाज वाटली नाही. लाज माझी होती, ती मी तुझ्यावर ढकलली. माफ कर."