नेऱ्याच्या खळ्यावर अडलेली दुर्बीण

अंधारं आकाश बघायला पनवेलहून फार लांब जावं लागत नाही, नेऱ्यापर्यंत गेलं तरी पुरतं. आम्ही वसुबारसेच्या आधीच्या शनिवारी निघालो, कारण माधवरावांना थांबता येत नव्हतं. रोडपालीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे माझे मित्र. पुढच्या आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि डावा आधीच अधू. नजर किती राहील, ते डॉक्टर सांगत नव्हते. त्याआधी स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेचा एक फोटो त्यांना काढायचा होता.

दुर्बीण गोधडीत गुंडाळून रिक्षाने पनवेलच्या स्टँडवर आणली. गाडीला अवकाश होता, म्हणून मी मारुतीच्या देवळात जाऊन आलो.

"काय बुवा, आमच्या दुर्बिणीच्या मोटारीचंही सांगितलंत ना?" देव न मानणाऱ्या माधवरावांनी चिडवलं.

एसटीने नेरे फार दूर नाही, पण रस्ता खड्ड्यांचा. नाजूक सामान मांडीवरच घ्यावं. भातं कापून झाली होती, वाऱ्याला पेंढ्याचा वास होता. ओळखीच्या बाळारामदादांनी खळं सारवून ठेवलं होतं. दिवेलागणीला आम्ही दुर्बीण मांडली.

तारे सरकत असतात. फोटोला बराच वेळ लागतो आणि तेवढा वेळ एक छोटी मोटार दुर्बिणीला त्यांच्यामागून हळूहळू फिरवते; ती अडली तर फोटोत तारे ठिपक्यांऐवजी रेघांसारखे लांबट येतात. ती मोटार चालायची, थबकायची, कण्हायची, पुन्हा चालायची.

"भूक लागली आसल तिला," बाळारामदादा म्हणाले.

बॅटरीचे चिमटे घासले, वायरी हलवून पाहिल्या. फरक नाही.  मग माधवरावांनी मोटार गिअरपासून सोडवली. सुटी मोटार न अडखळता फिरत राहिली. म्हणजे अडत होतं ते दात्यांत. मी टॉर्च धरला. काडीला चिंधी गुंडाळून त्यांनी ग्रीस पुसलं, तर दोन दात्यांमधून तांदळाचा लालसर दाणा निघाला. तो फिरून वर आला की मोटार अडत होती.

"अक्षता," मी म्हणालो. "माझी नव्हे हो."

माधवरावांनी दाणा तळहातावर घेतला. "दसऱ्याला दुर्बिणीची पूजा केली होती."

"वहिनींनी?"

"मीच."

मी टॉर्च पुन्हा दात्यांवर धरला.

"मंग जेवलीच की ती," दादा म्हणाले. "मी काय बोललू?"

त्यानंतर मोटार थांबली नाही. फोटो काढून आम्ही तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी खाल्ली. माझा शनिवार होता, माधवरावांना सुकटही मिळालं. सकाळच्या पहिल्या गाडीने परतलो. मुक्कामाला जाणाऱ्यांनी पांघरूण न्यावं, पहाटे दव पडतं.

तो दाणा मी देव्हाऱ्यात ठेवला आहे. रोज दिवा लावताना दिसतो.

फोटो धुऊन आला तेव्हा माधवरावांच्या डोळ्यावर पट्टी होती. मी खुर्ची जवळ ओढली. फोटोत मधोमध एक फिकट, लांबट उजेड होता, निरांजनापुढे हात आडवा धरल्यावर दिसतो तसा. मी ते सांगायला लागलो, पण त्यांनी मला थांबवलं.

"ते राहू द्या. तारे गोल आलेत की लांबलेत?"

मी फोटो खिडकीशी नेऊन नीट पाहिला.

"गोल आहेत."

त्यांनी मान मागे टेकली. "मग मोटार नीट चालली," ते म्हणाले.