सहा हात आणि एक नजर

आमच्या तरणतलावाचं तीनदा उद्घाटन झालं. एकदा खड्ड्याचं, एकदा फरश्यांचं आणि एकदा पाण्याचं. तिसऱ्या वेळी लावलेला फ्लेक्स खोल बाजूच्या भिंतीवर तसाच राहिला. त्यावर प्रमुख पाहुणे हात जोडून उभे होते आणि त्यांच्या मागे निळंशार पाणी होतं, जे आमच्याकडे कधीच नव्हतं. तलाव पंचवीस मीटरचा, वर पत्रा, चारी बाजूंनी भिंती. समुद्र तिथून चालत वीस मिनिटांवर. समुद्राकाठच्या गावाने समुद्राकडे पाठ करून पोहायची टाकी का बांधली, असं मी पहिल्या वर्षी एका अधिकाऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "निधी आला होता."

त्या टाकीत मी मोठ्या माणसांना पोहायला शिकवतो. मी घाटावरचा. नदीत शिकलो, मग शहरातल्या तलावात सुधारलो आणि एका वर्षासाठी म्हणून इथे आलो. करार अकरा महिन्यांचा असतो. सध्या नववा करार चालू आहे. मालवणच्या किनाऱ्यावर घाटी माणसाने लोकांना पोहायला शिकवावं, यातला विनोद मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, तरी रोज कोणीतरी समजावतं. त्यांना माहीत नसलेली गोष्ट एकच होती. इतक्या वर्षांत मी समुद्रात गुडघ्याच्या वर गेलो नव्हतो. संध्याकाळी फिरत किनाऱ्यापर्यंत जायचो, चपला हातात घ्यायचो, पाय ओले करायचो आणि परत यायचो. तलावात मला तळ दिसतो. समुद्रात तळ दिसत नाही आणि पलीकडची भिंतही नसते.

सकाळच्या सहाच्या बॅचला दोन वर्षांपूर्वी तांडेल आला. तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख. जाळं कुठे टाकायचं आणि परत कधी फिरायचं हे तो ठरवतो. हा तोंडवलीचा. चौदाव्या वर्षापासून बोटीवर. मासळी मिळेना म्हणून मालकाने बोट विकली होती आणि आता याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचं, म्हणजे पंधरा वर्षं ज्यांना हुकूम सोडले त्यांच्याच रांगेत बसून जाळं ओढायचं. दुसरी, तोंडवलीच्या किनाऱ्यावर जीवरक्षकाची जागा निघाली होती ती मिळवायची. अट अशी की वय पंचेचाळीसच्या आत हवं आणि तलावात दोनशे मीटर पाच मिनिटांत पोहून दाखवायला हवं. पंचेचाळीस पूर्ण व्हायला त्याला चार महिने होते. चाचणी तीन महिन्यांवर. पुढची चाचणी त्याच्यासाठी नव्हती.

"माका पवाक येता, सर," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "पाच मिन्टांत पवाक येणा नाय."

मी घड्याळ लावलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. दम नावाची गोष्ट त्याला लागतच नव्हती. बाहेर येऊन तो हवापाण्याच्या गप्पा मारू लागला. भानगड मानेची होती. तो डोकं पूर्ण पाण्याबाहेर ठेवून पोहायचा, हनुवटी वर, नजर समोर. डोकं वर राहिलं की कंबर खाली जाते, पाय त्याहून खाली जातात आणि माणूस पाण्यातून पुढे सरकण्याऐवजी पाणी ढकलत राहतो. एका फेरीला तो चौतीस हात मारायचा. तोंड पाण्यात घालून, अंग आडवं ठेवून हेच अंतर बावीस हातांत कापता येतं. मी काठावर पालथा झोपून त्याला दाखवलं. त्याने नीट पाहिलं, मान डोलावली, पाण्यात गेला आणि पुन्हा हनुवटी वर.

बॅचमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. जन्म किनाऱ्यावर गेला पण पाण्यात कधी शिरल्या नाहीत, म्हणून बासष्टाव्या वर्षी पिवळी टोपी घालून शिकायला आलेल्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. उथळ भागात दांडा धरून पाय मारता मारता त्या म्हणाल्या, "तांडेलानु, पवतास काय बोट शोधतास?"

"बोट इकली मालकान, बाई. आता दुसरी शोधतंय."

पहिला महिना असाच गेला. मी त्याला पाण्यात बुडबुडे सोडायला लावले, दांडा धरून तरंगायला लावलं. दांडा हातात असेपर्यंत तोंड पाण्यात राहायचं. दांडा सुटला की मान वर. महिन्याअखेर वेळ सहा मिनिटं पंचवीस सेकंद. मी चिडलो. तोंड खाली घालायला एवढी कसली भीती आहे, असं सगळ्यांसमोर विचारलं. आज लिहिताना त्या प्रश्नाची मला लाज वाटते, कारण विचारणारा मी होतो.

तांडेल काठाला धरून थांबला. "तीन उपडी माणसां मी बोटीत घेतलंय, सर. एकपण काय बोलूक नाय."

बाईंनी पाय मारायचे थांबवले. 

मग तोच म्हणाला, "आणि हय तोंड घालून बगूचा काय? फरशी? ह्या पाणी खंय जाणा नाय, आपणपण खंय जाणत नाय. चार भिंतीत जीव घुसमाटता माजो. समोर बगूक मिळाला तर जरा बरा वाटता."

मी त्याला शास्त्र सांगितलं. तरंगणं, विरोध, फुप्फुसं. वाचलेलं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, जसं बँकेतल्या साहेबाचं ऐकून घेतात.

"एक काम करा, सर. ऐतवारी तोंडवलीक येवा. समुद्रात तोंड घालून पवान दाकवा. मगे मी घालतंय."

"जावा, सर," बाई दांडा न सोडता म्हणाल्या. "घाटाचा नाव राखा."

नाही म्हणायचं कारण माझ्याकडे एकच होतं आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

रविवारी सकाळी तोंडवलीला वारा फारसा नव्हता. किनाऱ्यापासून साठ-सत्तर मीटरवर एक होडी नांगरलेली होती. "तेका हात लावन येवा," तांडेल म्हणाला. बाईही आल्या होत्या, साडीत, थर्मासमध्ये चहा घेऊन. मी छातीइतक्या पाण्यापर्यंत गेलो. पायाखालची वाळू सरकली तेव्हा मी घाईने पोहायला लागलो, कारण पोहणं मला उभं राहण्यापेक्षा सोपं होतं. तोंड खाली, अंग आडवं, हात लांब. खाली हिरवट अंधार होता. मी हात मोजत राहिलो, कारण तलावात मी तेच करतो. पन्नास. साठ. सत्तर. होडी आता हाताला लागायला हवी होती. मान वर केली तर होडी नव्हती. होती, पण उजवीकडे, चांगलीच लांब. किनाराही आपला राहिला नव्हता; बाई उभ्या होत्या तिथे आता माडांची भलतीच रांग होती. मी होडीच्या दिशेने जोर लावला. जितका जोर लावला तितका दम गेला आणि होडी होती तिथेच राहिली. एक लहानशी लाट, जिला समुद्रात कोणी लाटही म्हणणार नाही, सरळ तोंडात गेली. चार भिंतींच्या टाकीला नावं ठेवणारा मी त्या वेळी एका भिंतीसाठी काहीही द्यायला तयार होतो.

"सर! वर बगा! खंय चल्लास? गोव्याक?"

तांडेल येत होता. हनुवटी वर, नजर माझ्यावर, चौतीस हातांची ती माझी नावडती चाल. त्याने मला हात लावला नाही. दोन हात अंतर ठेवून म्हणाला, "हात मारू नकात. उताणे पडा. पाणी व्हरता तसे चला. मी आसंय." मी उताणा पडलो. तो बाजूने पोहत राहिला आणि आम्ही पाण्याबरोबर तिरके तिरके जात बऱ्याच खालच्या अंगाला किनाऱ्याला लागलो. तिथून चालत परत यायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मी त्याला सांगून टाकलं की समुद्रात मी पहिल्यांदाच पोहलो.

"ता कळला माका. तुमी पाण्यात कसे गेलास त्यावरना." थोडं चालून तो म्हणाला, "पण मान खाली घालून चलत रवाक कोणी सांगितल्यान? नोकरी काय ती?"

मग त्याने मला वाळूत उभं केलं. "तो एकटो माड बगा. आणि तेच्या मागे देवळाचो कळस. दोनव एकामागे एक आसत, म्हणजे आपण जाग्यार. माड सरकलो, म्हणजे माड नाय, आपण सरकलव." बोटीवर असताना जाळ्याची जागा तो अशीच लक्षात ठेवायचा. पाण्यावर खूण करता येत नाही, म्हणून जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या.

बाईंनी थर्मासच्या झाकणात चहा दिला. पहिल्यांदाच त्यांनी टोमणा मारला नाही.

सोमवारी मी शास्त्र बाजूला ठेवलं. तलावात सरकायला प्रवाह नव्हता, पण तांडेलाला रेषा हवी होती, तर रेषा द्यायची. खोल बाजूला फ्लेक्सवरचे प्रमुख पाहुणे होते. त्यांच्या डोक्यावर, भिंत आणि पत्रा यांच्या फटीतून, मागच्या पाण्याच्या टाकीचा गोल माथा दिसायचा. परतीच्या फेरीला दार आणि त्याच्यावरचं घड्याळ. "सहा हात तोंड खाली," मी म्हणालो. "मग एक नजर. फक्त डोळे पाण्याबाहेर, हनुवटी नाही. पाहुणे टाकीखाली आहेत का बघायचं आणि पुन्हा सहा हात."

तो बराच वेळ पाहुण्यांकडे बघत राहिला. "ह्यो माड?"

"हाच माड."

पहिल्या दिवशी दोन हातांपुरतं तोंड खाली राहिलं. आठवड्याने चार. नजर परत मिळणार आहे हे एकदा मानेला पटल्यावर ती खाली राहायला लागली, कंबर वर आली, पाय वर आले. चौतीस हातांचे सव्वीस झाले, मग चोवीस. पाच मिनिटं पन्नास. पाच तीस. चाचणीच्या आधीच्या शनिवारी पाच मिनिटं दोन सेकंद. त्या दोन सेकंदांवर आम्ही तिघांनी मिळून जेवढा विचार केला तेवढा मी लग्न करतानाही केला नव्हता.

चाचणीच्या दिवशी तलावाच्या दाराला केळीचे खांब बांधलेले होते. दोनशे मीटर पोहण्याच्या चाचणीला व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, दीपप्रज्वलन आणि मान्यवर लागतात हे मला नवीन नव्हतं. नवीन होती ती खोल बाजूची भिंत. फ्लेक्सवरच्या पाहुण्यांनी मधल्या काळात पक्ष बदलला होता, तेव्हा त्यांना तिथे ठेवणं आता गैर ठरत होतं. फ्लेक्स उतरवला होता आणि त्या जागी पत्र्यापासून फरशीपर्यंत मांडवाचं गुलाबी कापड ताणलं होतं. टाकीही त्यामागे गेली होती.

तांडेल उथळ बाजूला उभा राहिला. घड्याळ जिल्ह्याच्या साहेबांच्या हातात होतं. त्याने समोर पाहिलं, मग माझ्याकडे. "सर, माड खंय?"

मी तलावाला वळसा घालून पलीकडे धावलो आणि कापडासमोर, बरोबर मधोमध उभा राहिलो. माझ्या मागे काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला. बाई प्लास्टिकची खुर्ची ओढत आल्या आणि तिच्यावर चढून उभ्या राहिल्या, पिवळ्या टोपीसकट. "हलू नकात," त्या माझ्या डोक्यावरून म्हणाल्या. "मी कळस आसंय."

शिट्टी झाली. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून मला व्यासपीठावर बोलावलं गेलं. शाल आणि श्रीफळ. आदरणीय प्रशिक्षकांनी कृपया यावं. मी हललो नाही. पुन्हा बोलावलं. एक कार्यकर्ता येऊन दंडाला धरू लागला तेव्हा वरून बाईंनी त्याला वर्गातल्या आवाजात सांगितलं, "जाग्यार बस!" आणि तो खरोखर बसला. माझ्या समोर पाण्यातून दर सहा हातांनी दोन डोळे वर यायचे, आम्हा दोघांवर टेकायचे आणि पुन्हा खाली जायचे. आठ फेऱ्या. शेवटच्या फेरीला तो पाठमोरा होता, दार आणि घड्याळाकडे जाणारा, आणि माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तरी मी उभाच होतो.

चार मिनिटं छप्पन्न. साहेबांनी दोनदा पाहून लिहिलं.

मागच्या महिन्यात तोंडवलीला गेलो. तांडेल लोखंडी मचाणावर बसला होता, लाल टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मचाण सोडायचं नाही असा आदेश आहे. कोणी बुडत असेल तर सोडता येतं. समोरून बोटी जात होत्या. एकेक बोट तो नजरेने पार क्षितिजाआड पोचवत होता.

"कशी काय नोकरी?" मी खालून विचारलं.

"बरी आसा. खलाशी जावक लागला नाय." आणखी एक बोट दिसेनाशी झाल्यावर म्हणाला, "भिंती नायत, सर. पण पाण्यात जावक दुसऱ्यान बुडाक होया."

सहाच्या बॅचसाठी मला दुसऱ्या पहाटे पोहायच्या टाकीवर हजर व्हायचं होतं. नववा करार संपत आला होता आणि दहावा येणार होता. मी कपडे उतरवून पाण्यात गेलो. छातीपर्यंत पाणी आल्यावर वळून पाहिलं. मचाणावर तांडेल आणि त्याच्या मागे तो एकटा माड, दोन्ही एका रेषेत. सहा हात, एक नजर मागे. रेषा होती. सहा हात, एक नजर. अजून होती. त्यानंतरच्या नजरेला माड जरासा डावीकडे सरकलेला दिसला, फार नाही, वीतभर. अजून सहा हात मारावेत असं मला फार वाटलं.

शिट्टी वाजली. माझ्यासाठीच होती. मी परत फिरलो.